हलणारा वाडा

शेख मॅडम संगणक शिकवायच्या, पण आम्हाला संगणकाला हात लावू द्यायच्या नाहीत. जुन्नरच्या आमच्या कॉलेजात त्यांचा विषय होता माणसांचं काम समजून घेऊन त्यांच्यासाठी प्रणाली आखण्याचा. फळ्यावर सतत चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. म्हणून पोरांनी नाव ठेवलं बाण मॅडम. त्यांना ते आवडत होतं, असा मला दाट संशय आहे.

"लई घाई करताय राव," कुणी कीबोर्डकडे सरकलं की त्या म्हणायच्या. "आधी माणसाला विचारा. मशीन कुठं पळून चाललंय?" त्यासाठी त्यांनी अख्खा वर्ग बेल्ह्याच्या बैलबाजारात नेला. शेणात चप्पल रुतली तरी त्या एका व्यापाऱ्याला "मग पुढं काय करता?" असं विचारतच होत्या. तो बिचारा शेवटी टेम्पोत चढून बसला.

प्रकल्पाला मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावायचं ॲप घेतलं, त्याला कारण होतं. आम्ही मेंढपाळ. आदल्या वर्षी चुलत्यांच्या मेंढरांत रोग शिरला, डॉक्टर नोंदीतल्या पत्त्यावर आमच्या गावी जाऊन हात हलवत परतले आणि निम्मा कळप गेला. चुलत्यांचं तेव्हाचं तोंड मला बघवलं नव्हतं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

मी ऐटीत आराखडा दाखवला. 'वाडा' या चौकटीवर मॅडमचं बोट थांबलं. चौकट माझी, तिच्याखालचं 'एकदाच भरावे' हे प्रकल्पातल्या माझ्या बागायतदार घरच्या जोडीदाराचं.

"केवढा आहे गं वाडा तुमचा? चौक आहे का?"

मला हसू आवरेना. "मॅडम, घर नाही ते. मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घेऊन जिथं उतरतो तो आमचा वाडा. आज येडगावला, परवा भलतीकडंच."

जोडीदाराचा चेहरा पडला. त्यानेही दगडी घरच धरलं होतं. मॅडम मात्र खूश. "हलणारा वाडा होय? मग या चौकटीला पाय लावा."

आम्ही लावले. वाडा नव्या जागी उतरला की चुलत्यांनी बटण दाबायचं, ठिकाण डॉक्टरांच्या फोनवर.

वाडा पारगावजवळ असताना मेंढरं पुन्हा आजारी पडली. चुलत्यांनी ॲपवरून डॉक्टरांना बोलावलं. मी तासाला बसले होते, पण जीव तिकडेच होता. फोन वाजला. मॅडम म्हणाल्या, "घे, आणि आवाज मोठा कर."

"पोरी, डॉक्टर थेट वाड्यावर आलं. गाव इचारलंच न्हाई. सुया दिल्या समद्यांना, आता जगतील म्हणलं."

वर्गाने बाकं बडवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. "आजचा तास तू घे," म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.