दोन मामांचा एक कोट

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात नवरदेवाकडच्या एका माणसानं माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे दिला आणि म्हणाला, "भाऊ, तिकडं पाणी नेजा." जानेवारी होता. मी बायकोनं विणलेलं स्वेटर घालून, मफलर गुंडाळून गेलो होतो. त्याला वाटलं, हा केटररचा माणूस. नेलं पाणी. चांगलं विचारून विचारून दिलं. पण भाचीनं ते पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. तिला बाप नाही. बोहल्यावर तिच्या पाठीशी उभा राहणारा मामा म्हणजे मीच, आणि तोच तिच्या सासरी पाणीवाला ठरला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, लग्नात कोट घालशील? त्यायचे सगळे कोटात येऊन राहिले. मले जन्मभर तिथंच राहायचं हाये."

घालतो म्हटलं. पोरगी पहिल्यांदाच काही मागत होती. फोन ठेवल्यावर आठवलं की लग्न मे महिन्यात आहे, आणि अकोल्यात. मे महिन्यात अकोल्यात लोकांना कातडी काढून खुंटीला टांगता आली तर टांगतील, आणि मी कोट घालणार!

"नवा शिवाले टाकू नका," बायको म्हणाली. "एक दिवस घालसान, मंग कसर खाईन त्याले."

माझ्या मुलीनं मोबाइल काढला. एकदोनदा वापरलेले कोट लोक ऑनलाइन विकतात म्हणे. तिनं एक दाखवला. गळ्यापासून कमरेपर्यंतचा एक बिनमुंडक्याचा माणूस, अंगात गर्द निळा कोट, कसा चोपून बसलेला! मी मोर्शीच्या संत्रावाल्या घरातला, अमरावतीत फळांचं दुकान आहे माझं. पेटीच्या वरच्या थरावर भरोसा ठेवू नये हे मला चड्डीत होतो तेव्हापासून ठाऊक. फोटोवरून संत्रं घेणाऱ्याला मी वेड्यात काढलं असतं. पण कोट घेतला. बुद्धी फिरली, दुसरं काय.

आला तो मोरपंखी निघाला. बटणं बायकांच्या बाजूला, आणि आत कोणाचं तरी अत्तर इतकं मुरलेलं की आमचं मांजर शिंकलं. फोटोत पाठीमागून चिमटे लावले असणार, कारण माझ्या अंगात तो पुढून मिटेना आणि खांद्यावर मात्र पोतं टाकल्यासारखा लोंबे.

"माय वं! बँडवाला!" बायको म्हणाली.

दारात पार्सलवाला उभाच होता. "काका, वापस न्याले उद्या येऊ का?" त्यानं विचारलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग रविवारी बायकोला घेऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात गेलो. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत गावोगाव फिरणाऱ्या बाया असतात ना, त्यांनी आणलेलं सगळं धुऊन, इस्त्री करून इथं येतं. ढिगामागे बसलेल्या बाईनं मला वरून खाली पाहिलं आणि एक काळा कोट ओढून काढला.

"साहेबाचा हाये. एकाच लग्नाचा."

"कोण्या साहेबाचा?" बायकोनं विचारलं.

"आता कपडा का नाव सांगते का, ताई?"

बायकोनं कोट उलटा केला. बगलेचा वास घेतला, भर बाजारात, लाजलीबिजली नाही. मग खिसे चाचपले. एका खिशातून खांडभर सुपारी निघाली आणि अकोट ते अकोला एसटीचं तिकीट.

"साहेब एसटीनं फिरते वाटते."

"गाडी गॅरेजात असंन," बाई म्हणाली. हार मानायची नाही, ही त्यांची धंद्याची रीत.

पाठीवर कॉलरखाली तळहाताएवढं रफू होतं, पण इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय समजू नये. अंगात घातला तर पोटावर असा बसला, जणू त्या माणसाचं आणि माझं पोट एकाच चुलीवर वाढलं. बायको दोन पावलं मागं सरली, पाहत राहिली आणि म्हणाली, "द्या हा." लग्नानंतर माझ्याकडे तिनं असं पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्याकडे लग्न लागण्याआधी भेटी होतात. सगळ्या मांडवासमोर व्याही व्याह्याला मिठी मारतो, मामा मामाला, आणि शेला-टोपी देतात. मी कोटात उभा. आत घामाचे पाट. पण भाची गच्चीवरून पाहत होती, आणि हसत होती. बस, भरून पावलो.

नवरदेवाचे मामा अकोटचे. पुढे आले. पोट माझ्याएवढंच, पण कोट चकचकीत आणि लहान. बाह्या मनगटाच्या वर, बटण जीव मुठीत धरून बसलेलं. मिठी मारली. त्यांचा हात माझ्या पाठीवर फिरला, कॉलरखाली आला आणि तिथंच थांबला. बोट रफूवरून गेलं. पुन्हा एकदा गेलं.

"डाव्या खिशात चष्मा नका ठेवू," ते माझ्या कानात पुटपुटले. "आतून भोक हाये."

आता हा माणूस मोठ्यानं बोलला की झालं! नवरीचा मामा आमचाच उतरलेला कोट घालून आला, हे पोरीला नातवंडं होईपर्यंत ऐकावं लागलं असतं.

"बायको म्हणे लाँड्रीवाल्यानं हरवला," ते कानातच म्हणाले. "तवापासून म्या त्याले रामराम घालत नाही." आणि मागं सरून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "काय कोट हाये राजेहो! असा आमच्या घरात एक बी नाही!"

आणि मला शेला घालायला त्यांनी हात वर केले, तोच त्यांच्या पाठीची शिवण टर्रकन उसवली. आमच्याच बाजूचे पोट्टे फिदीफिदी हसले. मामांचा चेहरा पडला. "ऑनलाइन घेतला," ते हळूच म्हणाले. "फोटोत बरा दिसे."

माझी झाकली मूठ ज्यानं झाकलेली राहू दिली, त्याची उघडी पडू देऊ? मी कोट काढला, त्यांच्या अंगात चढवला आणि ओरडलो, "मामाचा मान मामाले!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट. लोक म्हणाले, काय मनाचा माणूस! खरं सांगतो, अर्धं मन होतं, अर्धं ऊन. समोर मामांची बायको मात्र तो कोट नवऱ्याच्या अंगात पाहून अशी दचकली की पदराचा बोळा तोंडात.

अंतरपाटाशी मी भिजलेल्या शर्टात भाचीच्या मागं उभा राहिलो. तिनं मान वळवली. आता रडते की काय, असं वाटलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "शर्ट तरी खोच." आणि माझा हात घट्ट धरला.

मांडवपरतणीला ती आली तेव्हा तिच्याजवळ कुरड्यांनी गच्च भरलेला स्टीलचा मोठा डबा होता. सासरी सगळे म्हणतात, मामा असावा तर असा, हे तिनं आल्या आल्या सांगितलं. मग म्हणाली, "हा डबा मामेसासूबाईंनी तुले देला. म्हणे, तिथं कोणाले सांगू नको, अन् डबा वापस धाडू नका."

बायकोनं डबा उचलला, उलटसुलट पाहिला, बोटानं वाजवला.

"जड हाये व माय," ती म्हणाली. "भांडेवालीनं एवढा डबा देला म्हणजे कोट चांगलाच होता."