हद्दवाढीचा अर्ज

काशीराम घागांनी बावीस वर्षं फौजेत काढली आणि पुढची चौदा रत्नागिरीतल्या एका बँकेच्या दारात, स्वतःची परवान्याची दुनळी बंदूक घेऊन. चौदा वर्षांत ती एकदाही उडवावी लागली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

गुडघे दुखायला लागले तसा हैदराबादचा मुलगा हर्षद म्हणाला, "आता दोघंही इकडेच या." काशीराम तयार झाले, पण बंदूक सोबत नेणार या बोलीवर.

त्यांनी रीतसर चौकशी केली. विमान कंपनीला आधी कळवायचं, काउंटरवर रिकामी बंदूक आणि मूळ परवाना दाखवायचा, काडतुसं वेगळी बांधायची. सगळं खालच्या सामानातून जातं. लांज्याच्या सुताराकडून त्यांनी कुलपाची पेटी करून घेतली. त्यांची बायको यमुनाबाई ती पेटी पुसून ठेवायच्या, बंदुकीचा विषय मात्र काढायच्या नाहीत.

परवाना महाराष्ट्रापुरता होता. दिवाळीला आलेला हर्षद इंग्रजीतला अर्ज भरूनच घेऊन आला. "बाबा, देशभराच्या हद्दीसाठी आहे. मूळ परवानाही द्या, कचेरीत मी नेऊन देतो." काशीरामांनी चष्मा न शोधताच सही केली.

मग निवडणूक लागली आणि नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. निकालानंतर पावती घेऊन ते गेले, तर हवालदार म्हणाला, "काका, तुमचा परवाना रद्द झालाय. कलेक्टर कचेरीत विचारा."

कचेरीतल्या राजश्रीबाईंनी फाईल काढून अर्ज मराठीत सांगितला. "वयामुळे मला शस्त्र बाळगायचं नाही, परवाना रद्द करून बंदूक सरकारजमा करावी, असं लिहिलंय. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"तुमचं म्हणणं विचारायला पत्रही पाठवलं होतं. ही पोच."

पोचपावतीवर यमुनाबाईंची सही होती.

"फसवून सही घेतली असेल तर तक्रार द्या," राजश्रीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "फेरविचार होईल. पण कोणी घेतली, ते लिहावं लागेल."

काशीरामांनी कोरा कागद मागून घेतला. वर तारीख घातली. मग कागद घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "पत्र कुठे आहे?"

यमुनाबाईंनी कपाटातल्या लुगड्यांखालून ते काढून दिलं. "सून घाबरते. घरात पोर लहान. हर्षद म्हणाला, बाबा ऐकायचे नाहीत."

"विचारलंत का मला?"

त्यांनी कपाट लावून घेतलं.

काशीरामांनी हर्षदला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, तुमच्याच भल्यासाठी केलं."

"पोर लहान आहे, एवढं म्हणाला असतास तर मीच नेऊन जमा केली असती," काशीराम म्हणाले. "माझ्याच हाताने खोटं लिहून घेतलंस."

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून हैदराबादचं विमान सुटलं तेव्हा त्यात यमुनाबाई एकट्याच होत्या. महिनाभराने त्या परतल्या. काशीराम लांजा स्टँडवर घ्यायला गेले, त्यांची पिशवी उचलली, प्रवास कसा झाला विचारलं.

हर्षदचा फोन दर रविवारी येतो. चार वर्षांच्या नातीशी, राहीशी, काशीराम मनसोक्त बोलतात. ती "बाबांना देते" म्हणाली, की हर्षदचा आवाज यायच्या आत ते फोन यमुनाबाईंच्या हातात ठेवतात आणि बाहेर पडवीत जाऊन बसतात.