पुढचा भाग: रद्द की चालू?

घर्र... घर्र... टक!

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो घाटकोपरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. मी तिथे शिपाई होतो. फ्लॉपी आत सरकवली की मशीन दळण दळल्यासारखं करायचं आणि मुलं ओरडायची, "चालू झाला रे गेम!" पुढे क्लास बंद पडला, फ्लॉप्या भंगारात गेल्या. म्हातारपणी पुन्हा तोच आवाज ऐकत बसायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं.

आता मी बोरीवलीला असतो. एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथे प्राजक्ता आणि हेमल जुन्या व्हिडिओ गेमच्या नोंदी करतात. जगभरातली माणसं मिळून इंटरनेटवर एक मोठा डेटाबेस भरतायत, त्यात आपल्याकडचे गेम हे दोघं भरतात. लोक माळे साफ करताना सापडलेल्या फ्लॉप्या आणून देतात. मी दार उघडतो, चहा करतो, फ्लॉप्यांवरची धूळ पुसतो. शिक्षण सातवी. धूळ पुसायला तेवढं पुरतं.

किस्से पण धुळीसारखेच. रोज पुसा, रोज साचतात.

---

सुरुवातीला मी प्राजक्ताला विचारलं, "शेअरवेअर म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "नाना, गेमचे तीन भाग असतात. पहिला फुकट वाटायचा. आवडला तर पुढचे दोन विकत घ्यायचे."

"म्हणजे कलिंगडवाला चाखायला फोड देतो तसं."

तिला ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून आमच्याकडे शेअरवेअरचं नाव फोड पडलं. नवीन फ्लॉपी आली की हेमल ओरडतो, "फोड की अख्खं कलिंगड?"

हेमल गुजराती. मराठी झकास बोलतो, फक्त ती आणि तो यात गडबडतो. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. "काय हेमल, काम कसं चाललंय?"

हेमल थकलेला होता. म्हणाला, "काय सांगू अंकल! सकाळपासून नुसते फोड येतायत. एक झाला की दुसरा."

सेक्रेटरींनी खुर्ची हळूच दाराजवळ नेली. "डॉक्टरला दाखवलंस का रे?"

---

हेच सेक्रेटरी पुढे एकदा दारावरची पाटी वाचून आत आले. पाटीवर शेअरवेअर लिहिलेलं.

"सध्या कुठला शेअर घ्यावा?"

हेमलने शांतपणे समजावलं, "अंकल, आमच्याकडे पहिला भाग मिळतो. बाकीचे येणार म्हणून कंपनीने सांगितलं होतं, मग कंपनीच गायब झाली."

"असं होय," सेक्रेटरी म्हणाले. "मग तसले माझ्याकडे पण आहेत!"

---

आमच्याकडे सगळ्यात जास्त थकवणारा प्रश्न एकच. तीन भागांचा गेम म्हणजे एक नोंद की तीन?

प्राजक्ताचं म्हणणं, एक. लांबच्या कुठल्या तरी देशात एक गृहस्थ बसलेत, त्यांचं म्हणणं, तीन. ही दिवसा जोडते, ते आपल्या वेळेला तोडतात. सकाळी मी दार उघडतो तेव्हा हिचं कालचं सगळं काम विस्कटलेलं असतं.

एकदा तिने कपाळ टेबलावर टेकवलं आणि तशीच म्हणाली, "नाना, मी लग्नं जुळवणारी मावशी झालेय. आणि तो घटस्फोटाचा वकील!"

मी चहात साखर जास्त टाकली. दुसरं काय करणार?

---

मुलुंडहून एका गृहस्थांनी फ्लॉपी पाठवली होती. वर पेनाने लिहिलेलं, भाग १. घर्र, घर्र, टक झालं आणि स्क्रीनवर उघडला त्यांचाच लग्नाचा बायोडेटा! उंची, नोकरी, आणि शेवटी लिहिलेलं: अपेक्षा नाहीत.

परत देऊ म्हणून प्राजक्ताने फोन केला, तो बायकोने उचलला. "काय आहे त्यात?" प्राजक्ताने भीत भीत सांगितलं.

"अपेक्षा काय लिहिल्यात म्हणालात?"

"नाहीत म्हणून."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून हाक ऐकू आली, "अहो! इकडे या जरा!"

---

पण आम्हाला खरं दमवलं ते दहिसरच्या दोन भावांनी. विन्सेंट थोरला, जोसेफ धाकटा. दोघं आता पन्नाशीतले. तरुणपणी त्यांनी मिळून एक गेम बनवला होता. एक होडी खाडीतून वाट काढत जाते. कोड विन्सेंटने लिहिला, चित्रं जोसेफने काढली. पहिला भाग लोकांनी फ्लॉप्यांवर उतरवून घेतला. दुसरा भाग अर्धा झाला आणि विन्सेंटने जोसेफला न विचारता होडीचा रंग बदलला. हिरवीची लाल केली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घर एकच, दारं दोन.

आमच्या डेटाबेसमध्ये पुढच्या भागापुढे काहीतरी लिहावंच लागतं. रद्द, नाहीतर चालू. पहिल्यांदा विन्सेंट आला. "बाय, चालू लिही. मी अजून करतोय."

आठवड्याने जोसेफ. "रद्द लिही. चित्रांशिवाय कसला गेम करतोय तो?"

प्राजक्ता बदलायची. मग पुन्हा विन्सेंट. एकदा मी त्याला चहा देताना म्हटलं, "राहू दे ना रे रद्द. दोन अक्षरं तर आहेत."

तो कपाकडे बघत बसला. "नाना, एकदा रद्द लिहिलं की मग आम्ही दोघं पण तेच."

जोसेफलाही मी विचारून बघितलं. तो म्हणाला, "होडी हिरवी होती." आणि चहा न पिता गेला.

असं किती वेळा झालं कोण जाणे. हेमल म्हणायचा, "यार, हे रिक्षाच्या मीटरसारखं झालंय. चालू, बंद, चालू, बंद."

---

शेवटी प्राजक्ताने दोघांना एकाच वेळी बोलावलं, एकमेकांना न कळवता. म्हणाली, "आज समोरासमोर ठरवा. जे ठरेल ते कायमचं. मला आता झेपत नाही."

विन्सेंट खुर्चीत बसला होता. जोसेफ आला, भावाला बघून दारातच थांबला. मला वाटलं, वळणार. वळला नाही, पण आतही आला नाही. चपला काढून उंबऱ्यापाशी उभा राहिला.

प्राजक्ताने त्यांचाच पहिला भाग लावला. होडी हिरवी होती. विन्सेंटने खेळायला घेतलं. होडी बुडाली. पुन्हा लावली, पुन्हा बुडाली.

"अरे डावीकडे घे!" मागून आवाज आला. "खडक आहे तिथे!"

विन्सेंटने मागे बघितलं नाही. होडी डावीकडे घेतली. जोसेफ एक पाऊल पुढे आला. "आता सरळ. थांब... आता!" आणखी एक पाऊल. असं करत होडी खाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तो खुर्चीच्या मागेच उभा होता.

स्क्रीनवर अक्षरं आली. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून प्राजक्ताने वाचून दाखवलं. "पुढच्या भागात समुद्र. पुढे जायचं? हो असेल तर वाय दाबा, नसेल तर एन."

विन्सेंटने हात मांडीवर ठेवले.

"मग?" प्राजक्ताने हळूच विचारलं. "काय लिहू?"

अक्षरांखाली एक बारीक रेघ लुकलुकत राहिली.

जोसेफने भावाच्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि वाय दाबलं.

मग दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि निघून गेला.