बोटभर जास्त गवत

मैदानाची निगा राखणाऱ्या त्या माणसाला सगळे गवत्याच म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं. फुटबॉलचं ते मैदान त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि आता मोसमातला इथला शेवटचा सामना झाला की हिरवळ उपटून तिथं प्लास्टिकचं गवत अंथरायचं ठरलं होतं.

एकच आशा होती. लीगमधले वरचे चार संघ बाद फेरीत जात. पहिल्याची गाठ चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. आणि जो वर असेल त्याच्या मैदानावर सामना; अंतिम सामना मात्र शहरात. आपला संघ तिसरा होता आणि शेवटच्या साखळी सामन्याला दुसऱ्या क्रमांकाचाच संघ इथं येणार होता. जिंकलो तर आपण दुसरे, म्हणजे या गवतावर आणखी एक सामना. बरोबरी झाली तर गाशा गुंडाळून त्यांच्या गावी.

"अहो, एका सामन्यानं काय होणार? मरणाऱ्याला एक घोट पाणी," बायको म्हणाली.

"घोट तर घोट."

पाहुणे वाऱ्यासारखे पळणारे. त्यांचे पाय जड व्हावेत म्हणून त्यानं कुणाला न विचारता गवत बोटभर जास्त ठेवलं, वर सकाळी भरपूर पाणी मारलं. कोचनं बुटाचं टोक रुतवून पाहिलं.

"गवत्या, इथं खेळायचंय की गुरं चारायचीत?"

"त्यांना जड जाईल, साहेब."

"आणि आपले काय उडत जाणार?"

सामना बरोबरीत अडकला. अगदी शेवटी आपल्या गड्यानं गोलकीपरला चकवून चेंडू रिकाम्या गोलकडे ढकलला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. चेंडू घरंगळत गेला, मंदावला आणि रेषेच्या वीतभर अलीकडे गवतात बसला. धावत आलेल्या पाहुण्यानं तो लाथेनं उडवला.

शिट्टी वाजली. आपले खेळाडू एकमेकांना उचलून नाचू लागले. तिसरे का होईना, बाद फेरी गाठली होती! कोचनं पाठीवर थाप मारली.

"तोंड का पाडलंस? जातोय ना आपण!"

"तुम्ही जाताय," गवत्या म्हणाला.

संघाची बस निघाली त्या सकाळीच हिरवळ उपटायचं यंत्र फाटकाशी आलं. बसला वाट द्यायला ते जरा बाजूला थांबलं, मग आत शिरलं.

"काका, कुठून सुरू करू?" चालकानं विचारलं.

गवत्यानं गोलरेषेच्या वीतभर अलीकडे बोट दाखवलं.