काठोकाठ भरलेला ग्लास

वर्कशॉपमधले किस्से लोखंडाच्या किसासारखे असतात. कधी खिशात जातात कळत नाही, आणि पँट झटकली की अर्धी खोली भरते!

आमचं वर्कशॉप जर्मनीत, ब्योब्लिंगेनला. आखनला पीएच.डी. करणाऱ्या माझ्या चुलतभावाने, दादाने, मला तिथे चिकटवलं. सातवीनंतर शाळेने माझा नाद सोडला होता ना!

मायस्टरने, म्हणजे आमच्या उस्तादाने, बायकोसाठी स्वतः एक कॅरॅव्हान, गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, बांधली होती. हिल्डाकाकूंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आता लढाईतून उरलेल्या पिकअपच्या हौद्यात खोगिरासारखी लोखंडी थाळी बसवायची, म्हणजे कॅरॅव्हानची मान तिच्यात अडकणार. नियम एकच: कॅरॅव्हानच्या टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून गावाला चक्कर मारायची. सांडलं तर समुद्र रद्द!

*

थाळी कुठे बसवायची? दादाने तीन रविवार गणितं केली. मायस्टर हौद्यात चढला, मागच्या चाकांच्या जरा पुढे टाच आपटली. "इथे!"

मोजलं, तर फरक अंगठ्याएवढा.

"मग मी तीन रविवार काय केलं?" दादा रडवेला.

"माझी टाच तपासलीस. गेनाऊ! अगदी तंतोतंत!"

*

भोकांसाठी मायस्टरने खडूने आठ गोल काढले. मी गुपचूप नववा काढला. ड्रिल टेकवता टेकवता तो थांबला.

"हा कुणाचा?"

"पाहुणा आलाय, मायस्टर!"

पुढचे दोन दिवस पाहुण्याने फरशी पुसली.

*

जेवणाच्या सुट्टीत मी हौद्यात उताणा पडायचो. खाली गरम पत्रा, वर ढग. वाटायचं, पिकअप नाहीच, होडी आहे. काकू पाव घेऊन यायच्या.

"तू वेंगुर्ल्याचा ना? समुद्र कसा असतो रे?"

"आमच्या घरामागे दुपारभर घोरत पडलेला असतो, काकू!"

त्या पाव हातात धरून कितीतरी वेळ ऐकत राहायच्या. घोरणंच जणू ऐकू येत होतं.

*

पहिली चक्कर. थाळी उंच बसली होती, कॅरॅव्हान नाक वर करून निघाली. अर्धा ग्लास टेबलावर! काकूंनी भरून ठेवलेली बॅग रिकामी केली.

मला बघवेना. थाळी खाली घेतली, दुसरी चक्कर ठरली, तेव्हा मी ग्लासात पाण्याऐवजी काकूंच्या कपाटातलं जिलेटिन घट्ट बसवून ठेवलं. एक थेंब हलला नाही! मायस्टर खूश. ग्लास उचलून "प्रोस्ट!" म्हणाला, तोंडाला लावून उपडा केला.

काहीच आलं नाही.

"आल्झो, असं तर," तो मला म्हणाला, "आठही बोल्ट सोड. परत आवळ. एकट्याने."

*

मग मायस्टर म्हणाला, आता चक्कर नको. थेट समुद्रापर्यंत. सांडलं, तर तिथूनच उलटं फिरायचं.

ग्लासावर नजर ठेवायला काकू मागे, कॅरॅव्हानमध्ये. आम्ही तिघं पुढे. आठवडाभर बैलगाडीच्या वेगाने! सायकलवरच्या आज्या आम्हाला हात करून पुढे जात होत्या. शेवटच्या गावात एवढा खड्डा आला की दादाने डोळे मिटले.

पोचलो. समोर समुद्र, आणि मायस्टर आणि दादा गाडीखाली शिरून अर्धा तास बोल्ट तपासतायत! मीही खालीच, कंदील धरून.

शेवटी कॅरॅव्हानचं दार उघडलं. काकू खिडकीशी बसलेल्या. ग्लास काठोकाठ भरलेला.

मायस्टरला माझा संशय. त्याने बोट बुडवलं, पाणी हललं. बोट चाटलं. खारट!

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गळ्याची शपथ घेतली. मग त्याने टेबलाखाली पाहिलं. तिथे काकूंचे बूट, मोजे आत कोंबलेले, आणि शेजारी काकूंची ओली, वाळूने माखलेली पावलं.

"एक थेंबही सांडला नाही!" मायस्टर म्हणाला, आणि आपले बूट सोडायला खाली बसला.