रोबोटने विचारलेलं नाव

"डिमेन्शिया असावा," डॉक्टर टॅबकडे बघत म्हणाले. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. माझ्या सासूबाईंना, आमच्या आत्यांना, म्हणे काही आठवत नाही. सकाळीच तर त्यांनी मला घरची गाभण काळी शेळी व्याली का म्हणून विचारलं होतं. माझं डोकंच फिरलं.

आत्या मोहोळजवळच्या गावात राहतात. भाकरी थापता थापता त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अडला. सोलापूरला वेळेत आणलं म्हणून वाचल्या. त्यासाठी या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. बोलणं जड झालं होतं, पण त्यांना कळत सगळं होतं.

हाताच्या व्यायामाचा विभाग वेगळा. तिथं घ्यायचं की घरी पाठवायचं, हे एका चाचणीवर ठरायचं आणि ती घ्यायचा रोबोट. चाकांवर फिरणारा, पडद्यावर हसरा चेहरा असलेला. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, कारण म्हणे आम्ही खाणाखुणा करतो. मामा, म्हणजे माझे सासरे, त्या रोबोटवर भलतेच खूश होते. आम्ही दोघं मुकाट्याने बाहेर बसलो.

आणि आता डॉक्टर सांगत होते की सूचनाच समजत नसतील तर व्यायामाचा उपयोग नाही, घरी न्या. म्हणजे तो हात जन्मभर तसाच लोंबकळणार.

काय विचारलं ते दाखवा, म्हणून मी अडून बसले. शेवटी त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आत्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग तो गोड आवाज म्हणाला, "आपल्या पतीचे नाव सांगा." आत्या चादरीचं टोक तोंडाला लावून हसल्या. पुन्हा विचारलं, त्यांनी मान फिरवली. आणखी एकदा विचारलं, त्या दाराकडे बघत राहिल्या. यंत्राने 'प्रतिसाद नाही' असं ठरवून चाचणी तिथंच थांबवली आणि पुढचे सगळे प्रश्न चुकले असं धरलं.

अहो, ज्या बाईने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव असं सरळ उच्चारलं नाही, ती या डब्याला सांगेल? सोलापुरात दवाखाना चालवता, रोज अशा बाया दारात येतात, आणि तुमच्यातल्या एकालाही हे सुचू नये? हे मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. आवाज चढला होता आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्यांना घेऊनच मी खाटेपाशी गेले. "आत्या, नाव घ्या की," एवढंच म्हणाले.

आत्या लाजल्या. मग एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "ज्वारीच्या शिवारात हुरड्याचा थाट, सोपानरावांची बगते मी वाट."

मामा दाराबाहेरच बाकड्यावर बसले होते.

डॉक्टर ओशाळले. हेच रोबोटसमोर पुन्हा म्हणाल का, सिस्टिममध्ये नोंद व्हायला हवी, म्हणाले.

"त्येला कशाला?" आत्या म्हणाल्या. "तुमी इचारा की, हितं बसून."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि सगळे प्रश्न स्वतः विचारले. आत्यांना व्यायामाला घेतलं. तिथंही हात हलवणारं एक यंत्र होतं आणि त्यानेच बोटं सुटली, हे मी नाकारत नाही. आता त्या भाकरी थापतात, एका बाजूला जाड होते इतकंच.

माझा राग मात्र गेलेला नाही. तुमच्या माणसाची अशी चाचणी असेल तर बाहेर बसू नका, भांडा. घरी निघताना मी डॉक्टरांना विचारलं की आत्यांच्या आधी किती बाया त्या पडद्यासमोर अशाच हसल्या आणि घरी पाठवल्या गेल्या?