कोळंबीच्या पिल्लांचा उपास

आमच्या प्रयोगशाळेत उपाशी राहून पीएच.डी. केलेला माणूस शोधून सापडणार नाही. हे श्रेय कॉलेजचं नाही, प्रेमलाताई शिर्क्यांचं.

ताई आमच्याकडे लॅब असिस्टंट. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायचं, काचसामान धुवायचं, पाणी गाळून ठेवायचं, हे त्यांचं कागदावरचं काम. रावपुऱ्यातून स्कूटीवर येताना पायांशी जी डब्यांनी फुगलेली पिशवी असते, ते खरं काम. दारावर ‘आत खाण्यास मनाई’ अशी पाटी आहे. ताई पाटीचा मान राखतात. त्यांनी जेवणाचं टेबल बरोबर पाटीखाली, दाराबाहेर मांडलंय.

“काय रे शहादेकर, जेवलास?” हा त्यांचा नमस्कार. माझं आडनाव वेगळं आहे, पण मी शहाद्याहून आलो तेव्हापासून ताईंना ते जाणून घ्यायची गरज वाटलेली नाही.

“हो ताई, मेसमध्ये.”

“मग जेवला नाहीस. बस.”

अशा बाईच्या राज्यात अवनीनं उपाशी पिल्लांचा प्रयोग मांडला.

अवनी आमची सीनियर. ओख्याच्या किनाऱ्यावरून तिनं समुद्री शेवाळ आणलं होतं, ते वाळवून त्याचा अर्क काढला होता. अर्क किती विषारी आहे ते पाहायला खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची पिल्लं वापरतात. ही पिल्लं म्हणजे पोहणारा ठिपका. वाळूसारखी कोरडी अंडी मिठाच्या पाण्यात घातली, वर दिवा लावला, की दुसऱ्या दिवशी ठिपके दिव्याकडे धावत सुटतात. ते छोट्या बाटल्यांत वाटून घ्यायचे, बाटल्यांत कमीजास्त अर्क घालायचा आणि एका दिवसानं भिंगातून मेलेले मोजायचे. काही बाटल्यांत अर्क अजिबात घालायचा नाही. त्या कंट्रोलच्या. त्यातली पिल्लं जगलीच पाहिजेत, नाहीतर बाकीची अर्कानं मेली असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

अवनीची नेमकी तीच मरत होती. एकदा मेली, दुसऱ्यांदाही मेली.

“अवनी,” आमच्या गाइड नयनाबेन म्हणाल्या, “तारुं तो सादुं पाणीच अर्कापेक्षा जहाल निघालं.” नयनाबेनचं मराठी असंच, अर्धं कारेलीबागेतल्या गुजरातीत राहिलेलं.

मीठ बदललं, पाणी बदललं, दिवा बदलला. मग संशय माझ्यावर आला. शहाद्याच्या माणसानं हात धुतले असतील याची हमी कोण देणार? अवनीचा मात्र जीव टांगणीला लागला होता. ते शेवाळ हिवाळ्यातच मिळतं. आता आषाढ, आणि उरलेला अर्क जेमतेम एका खेपेपुरता. ही खेप वाया गेली तर प्रबंध पुढच्या वर्षावर.

मेलेल्या कंट्रोलची बाटली फेकायच्या आधी अवनीनं सहज हुंगली आणि तिचा चेहरा बदलला.

“याला ढोकळ्याच्या पिठाचा वास कसा येतोय?”

आम्ही दोघांनी एकदमच बेसिनकडे पाहिलं. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून पिपेट धूत होत्या. जरा जास्तच मन लावून धूत होत्या.

“ताई?”

“चिमूटभरच घातलं गं.”

“काय घातलं?”

“यीस्ट. मोठ्या टाकीतल्यांना तूच देतेस ना? मग ही काय सावत्र आहेत?”

“आणि फक्त कंट्रोललाच का?”

ताई आता वळल्या. बाजू भक्कम होती त्यांची. “बाकीच्यांना औषध चालू आहे ना! औषध उपाशीपोटीच लागू पडतं. पण या बिचाऱ्यांना ना औषध, ना जेवण. नुसती बसवून ठेवायची? पाहुण्याला असं ठेवतात का कुणी?”

मला हसू आवरेना. अवनीला हसावं की रडावं कळेना. ती स्टूलावर बसली आणि शांतपणे सांगू लागली. पिल्लं पहिल्या दिवसाचा डबा पोटात बांधूनच जन्माला येतात. एवढ्याशा बाटलीत यीस्ट पडलं की पाणी नासतं आणि पिल्लांना श्वास पुरत नाही.

“म्हणजे मी मारली?” ताईंनी विचारलं.

त्या दुपारी पाटीखालचे डबे न उघडताच घरी गेले.

शेवटची खेप मांडली त्या संध्याकाळी नयनाबेननी किल्लीसाठी हात पुढे केला. “आजची रात्र किल्ली मारी पासे राहू दे.”

अवनी म्हणाली, “नको बेन. ताईंकडेच राहू दे.”

ताईंनी किल्ली पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा लॅब उघडी होती आणि ताई दाराबाहेर बसून होत्या. आत पाऊल टाकलं नव्हतं. डबे होते, पण बंद. मी जवळ गेलो तरी “जेवलास?” आलं नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

“ताई, तब्येत बरी आहे ना?”

“उपास आहे.”

“आज कसला?”

“त्यांचा.” त्यांनी मानेनं आत दाखवलं. “काल ती बाटल्यांत गेली तेव्हापासून. त्यांना उपाशी ठेवायचं आणि मी खिचडी ओरपायची, हे मला जमणार नाही.”

अवनीनं भिंगाला डोळा लावला. ताई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

“कडक अर्कातली सगळी गेली,” अवनी म्हणाली. पीएच.डी.च्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी होती.

“ते असू दे. आपली?”

अवनीनं एकेक बाटली पाहिली. मग पुन्हा पाहिली.

“आहेत ताई. सगळी आहेत. पळतायत नुसती.”

ताई मटकन खुर्चीत बसल्या आणि डबा उघडून त्यांनी पोळीचा तुकडा तोंडात घातला. आमच्याआधी त्यांना घास घेताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता तरी देऊ का त्यांना?”

मोजणी झाली होती. अवनीनं जगलेली पिल्लं एका मोठ्या वाडग्यात ओतली, दात कोरायची काडी यीस्टमध्ये टेकवली आणि काडीचं टोक पाण्यात बुडवलं.

“बास. एवढंच.”

ताईंनी वाडग्यात वाकून पाहिलं.

“हे काय जेवण झालं?” त्या म्हणाल्या. “ही तर मेस झाली!”